लग्नाच्या यादीचं प्रूफ

माझ्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाच्या यादीत मी लाल पेनानं एकोणीस चुका काढल्या आणि खाली 'दुरुस्तीसह छापावे' असं लिहून सही ठोकली.

यादी नवऱ्या मुलाच्या चुलत्यांनी लिहिली होती. चुलते माझ्यासमोर दोन फुटांवर बसले होते. (अंतर महत्त्वाचं आहे. त्यांचा हात तीन फूट लांब आहे.)

आता असला वेडेपणा माणूस एका दिवसात करत नाही. त्याला बत्तीस वर्षांचा सराव लागतो. बारामतीत माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, जागरण-गोंधळाची निमंत्रणं, दशक्रियेची पत्रं... माणूस जन्मला की आमच्याकडं, मेला की आमच्याकडं, आणि मधल्या काळात उधळायला लागला तरी आमच्याकडं. जे काही छापायचं ते आधी माझ्या लाल पेनाखालून जातं. त्यामुळं सवय हाडात मुरलीय. लिहिलेला कागद हातात आला की मला आधी चुका दिसतात. मजकूर नंतर.

आणि चुका दिसल्या की माझं डोकं फिरतं. टीव्हीवरची ती मुलगी छत्री धरून सांगते, 'इथं पाऊस पडताना पाहायला मिळतोय.' अगं बाई, पडतोय म्हण! आम्ही काय तिकीट काढून आलोय पाहायला? हॉटेलात चहा आहे का विचारावं, तर वेटर म्हणतो, 'मिळून जाईल.' मिळेल म्हण की! मिळून पुढं जायचंय कुठं त्याला, इंदापूरला? आमची पल्लवी लॅबमध्ये नोकरी करते. रक्त तपासणारी, शिकलेली मुलगी. फोनवर मैत्रिणीला सांगते, 'मग ना, मी त्याला बोलली...' मी आतल्या खोलीतून ओरडतो, "म्हणाले! मी म्हणाले!"

मैत्रीण विचारते, "कोण काय म्हणाले?"

"कुणी नाही गं," पल्लवी दातओठ खात सांगते. "आप्पांना झटका आलाय. येतो त्यांना."

चौकातल्या फ्लेक्सबद्दल तर बोलायलाच नको. एकाचा वाढदिवस, ऐंशी जणांचे चेहरे, आणि खाली 'शुभेच्छूक'! ऐंशी डोक्यांतल्या एकाही डोक्याला तो उकार टोचू नये? मी स्कूटर थांबवून रागानं बघत उभा राहतो. मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारतो.

"ओ काका, व्हा की बाजूला! तुमचा फोटू न्हाय त्याच्यावर!"

मागच्या वर्षी तर मी एका दशक्रियेला हद्द केली. कऱ्हेच्या घाटावर पिंड ठेवलेला, कावळा काही केल्या शिवेना. लोक उन्हात ताटकळलेले. कुणी म्हणतंय, नातवाच्या लग्नाचं वचन द्या. कुणी म्हणतंय, धाकट्याला सांभाळतो म्हणा. माझं लक्ष मात्र मागच्या फ्लेक्सवर. 'भावपुर्ण श्रद्धांजली.' मला राहवेना. खुर्ची ओढली, वर चढलो, आणि मार्करनं 'पु'चा 'पू' केला. खाली उतरतोय तोच कावळा शिवला! मी भरल्या गळ्यानं म्हणालो, "बघा, म्हाताऱ्याचा जीव कशात अडकला होता!" त्या घरानं त्यानंतर माझ्याकडं साधं व्हिजिटिंग कार्डसुद्धा छापायला दिलेलं नाही.

हे सगळं माहीत असल्यामुळं यादीच्या दिवशी सकाळी माझ्या बायकोनं, सुमननं, मला भिंतीशी उभं करून झडती घेतली. शर्टाच्या खिशातून एक पेन, कोटाच्या आतल्या खिशातून दुसरं आणि टोपीच्या घडीतून तिसरं.

"आज तोंड बंद, हात बंद," ती म्हणाली. "ती माणसं 'आनी पानी' म्हणू देत, नाहीतर काहीही म्हणू देत. तुम्ही फक्त 'हो' म्हणायचं."

"हो," मी म्हणालो.

(चौथं पेन लेंग्याच्या खिशात होतं. पण तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.)

यादी म्हणजे काय, ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी एकत्र बसतात. मानाचे फेटे कुणाला, साड्या किती, वाजंत्री कुणाकडं, जेवण कुणाकडं, हे सगळं एका कागदावर लिहितात. कागदाला हळद-कुंकू लावून गणपतीपुढं ठेवतात. मग मोठ्यानं वाचन, दोन्हीकडच्या सह्या, आणि साखर वाटली की लग्न पक्कं. अट एकच, यादीवर खाडाखोड करायची नाही. आणि ही अट मला माहीत होती. (हे मुद्दाम सांगतोय. अडाणीपणाची सवलत मला मिळू नये.)

तर पाहुणे आले. पळसदेवहून, दोन गाड्या भरून, तीस माणसं. नवरा मुलगा विक्रम. त्याची उजनीच्या काठाला ऊस-केळीची शेती. पल्लवीची आणि त्याची दोन वर्षांची ओळख, आणि ती दोन्ही वर्षं विक्रमनं आपल्या चुलत्याला, म्हणजे तात्यांना, तयार करण्यात घालवलेली. तात्यांना नात्यातलीच मुलगी करायची होती. विक्रमचे वडील तो लहान असतानाच गेले. तात्यांनीच त्याला वाढवलं, त्यामुळं त्या घरात तात्यांच्या शब्दापुढं शब्द नाही. शेवटी माझा मेव्हणा दिलीप, सोमेश्वरनगरचा, ऊस वाहतुकीमुळं तात्यांच्या ओळखीचा, त्यानं मध्ये पडून त्यांचं मन वळवलं. एवढ्या कष्टानं वळवलेलं ते मन आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलं होतं.

"हां, आणा कागद," तात्या म्हणाले. "आमच्या घरातली समदी यादी म्याच लिवतो. हात लाभतो माजा."

त्यांनी जिभेचं टोक बाहेर काढून लिहायला सुरुवात केली. मधूनमधून खिशातला एक जुना पिवळा कागद काढून बघत होते. मला वाटलं, चष्म्याचा नंबर असेल. आतून पुरणाचा वास येत होता. विक्रम पडद्याकडं बघत होता आणि पडद्याआडून पल्लवी त्याच्याकडं. सगळं कसं छान चाललं होतं. तात्यांनी लिहून संपवलं, कागदाला हळद-कुंकवाची बोटं लावली, गणपतीला दाखवला, आणि (इथं मी त्यांनाही थोडं जबाबदार धरतो) तो माझ्या हातात दिला.

"घ्या पाव्हणं, एकवार नजर घाला. मंग मोठ्यानं वाचू."

नजर घाला! बत्तीस वर्षं ज्यानं दुसरं काही केलं नाही, त्याला हे सांगायचं?

पहिली ओळ, 'श्री गनेश प्रसंन'. मी श्वास रोखला. दुसरी ओळ, 'शूभवीवाह'. कानशिलं तापली. मनात म्हटलं, सुमन काय म्हणाली? हो म्हणायचं. हो, हो, हो. तिसरी ओळ, 'चि. चिरंजीव विक्रम'. एकाच माणसाला दोनदा चिरंजीव! तिथं माझा ताबा सुटला. माझा हात लेंग्याच्या खिशात कधी गेला, मला खरंच आठवत नाही. माझा राग मात्र आठवतो. इतकी वर्षं फ्लेक्सवाल्यांवर, टीव्हीवाल्यांवर, वेटरवर साठलेला सगळा राग त्या पेनातून उतरला. इथं फुली, तिथं काट, समासात खुणा, ओळींवर बाण! मी दोन मिनिटांत कागद साफ केला, खाली सही ठोकली आणि समाधानानं मान वर केली.



विक्रमची आत्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. ती किंचाळली. "अगं बया बया बया! नवऱ्या पोराच्या नावाव काट मारली की ह्येनी! लाल!"

काट 'चिरंजीव'वर होती. पण प्रुफातल्या काटेला शेवटी शेपूट असतं, आणि ते शेपूट बरोबर विक्रमवरून गेलं होतं.

तात्यांनी कागद ओढून घेतला.

"ह्ये काय हाय?"

"प्रूफ," मी म्हणालो. (थोड्या अभिमानानं. अजून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.) "मजकूर छान आहे तात्या. फक्त शुद्धलेखन जरा..."

"ईस वर्सं यादी लिवतोय म्या! आजपस्तोर कुणी कागदाला बोट लावलं न्हाय. आन तुमी फुल्या मारल्या?"

"फुल्या नाहीत त्या. त्या खुणांचं एक शास्त्र..."

सुमननं माझ्या दंडाला जो चिमटा घेतला, त्याचा डाग पुढं पंधरा दिवस राहिला. दिलीप धावत मध्ये आला.

"तात्या, सोडा हो. दाजींचा धंदाच त्यो हाय. दुसरी लिवू की! खाली छापखाना हाय, कागदाला काय तोटा?"

"दुसरी?" तात्यांचा आवाज खाली रस्त्यावर गेला असणार. "दिलीपराव, याद येकदाच लिवत्यात. दुसरी याद दुसऱ्या लग्नाची. पयलं मोडल्याव! मोडायचं हाय का?"

तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले.

"उठा रं. गाड्या काढा."

तीस माणसं उठायला लागली. जेवणाच्या वेळेला पाहुणे न जेवता उठणं म्हणजे काय, ते स्वयंपाकघरात चाळीस पोळ्या उतरवून बसलेल्या बाईला विचारा. सुमन माझ्याकडं अशी बघत होती की मला वाटलं, ती मला त्या पुरणातच पुरणार. विक्रमचा चेहरा पडलेला.

"तात्या, बसा की जरा. ते मुद्दाम..."

"तू गप! सासरा बघ तुजा. अजून झाला न्हाय तवर नाव खोडलं. झाल्याव काय खोडील?"

आता माफी मागायला हवी, एवढं मला कळलं. मी दारात आडवा जाऊन हात जोडले. "तात्या, माझी चूक झाली. मोठ्या मनानं..."

"तुमाला काय वाटलं, आमाला लिवाय-वाचाय येत न्हाय?"

"लिहायला-वाचायला," मी म्हणालो.

मी म्हणालो नाही हो! ते आपोआप निघालं! शिंक येते तसं! पण शिंकेला लोक क्षमा करतात.

"देवा," सुमन गणपतीकडं बघून ओरडली, "ह्यांची वाचा तरी घे!"

 तात्या सतरंजीवर परत दाणकन बसले. "असं? मंग आता बसतोच. बसा रं समदी! पाव्हणं, ह्यो कागद घ्या आन तुमच्या दुरुस्तीसकट मोठ्यानं वाचा. भावकीला कळू द्या, तात्या कुठं कुठं चुकला. मंग जातो."

तीस माणसं परत बसली. मी कागद घेतला. आणि आता मी जे सांगतोय ते सुमनला कळू देऊ नका : मला बरं वाटलं. समोर तीस माणसं, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि हातात शुद्ध मजकूर! मी घसा साफ केला.

"श्री गणेश प्रसन्न. शुभविवाह. वर, चिरंजीव विक्रम, मुक्काम पळसदेव, तालुका इंदापूर. वधू, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी रूपाली, मुक्काम बारामती. मानाचे फेटे पाच. वाजंत्री वरपक्षाकडं. लग्न पळसदेव मुक्कामी, उजनी धरणाचं पाणी उतरून बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडल्यावर..."

"आप्पा."

पल्लवी पडद्याबाहेर आली होती.

"मध्ये बोलू नको, बाळा."

"वधूपासून परत वाचा."

"वधू, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी रूपाली..."

"रूपाली कोण?"

माझ्या डोळ्यांपुढं ते नाव होतं. स्वच्छ, सुवाच्य, लाल शाईनं दुरुस्त केलेलं. आणि ते माझ्या मुलीचं नव्हतं.

कोपऱ्यात भांड्याचा आवाज झाला. पाण्याचा ट्रे घेऊन उभी असलेली पाहुण्यांपैकी एक सून ओरडली, "अगं बाई! मी हाय की हितं! माजं झालंय लगीन!"

तिच्यामागून तिचा नवरा, म्हणजे विक्रमचा थोरला चुलतभाऊ, ताडकन उठला. "तात्या! ह्यी माजी बायकू हाय!"

सगळ्यांच्या माना तात्यांकडं वळल्या. तात्यांनी हळूच खिशातला पिवळा कागद काढला. तो चष्म्याचा नंबर नव्हता. ती थोरल्याच्या लग्नाची जुनी यादी होती.

"त्येंची याद लाभली," तात्या आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले असतील. "सात वर्सं झाली, घरात कवा भांडान न्हाय. म्हनलं, तशीच उतरवावी. नवऱ्याचं नाव बदललं. गाव बदललं. बाईचं तेवढं..."

"भांडान न्हाय म्हनं!" रूपाली ट्रे उचलता उचलता पुटपुटली.

माझा जीव भांड्यात पडला. तात्याही चुकले होते! मी हसायच्या बेतात होतो, तेवढ्यात पल्लवीनं माझ्या हातातला कागद घेतला.

"आप्पा, ह्या नावावर लाल खूण तुम्ही केलीत?"

"हो. उकार ऱ्हस्व होता."

"आणि मग पुढच्या ओळीवर गेलात."

"...हो."

"माझ्या लग्नात दुसऱ्याची बायको उभी केलीय, आणि तुम्ही तिचा उकार लांब केलात!" तिचा आवाज चढला. "मी 'बोलली' म्हटलं की तुम्ही घर डोक्यावर घेता. आतल्या खोलीतून, बाथरूममधून, कुठूनही ऐकू येतं तुम्हाला! चुकले की मी तुम्हाला लगेच दिसते आप्पा. नसले तर कळतसुद्धा नाही."

मी तोंड उघडलं. त्या वाक्यात एकही चूक नव्हती. मी तोंड मिटलं.

 सुमननं पदर तोंडाला लावला होता. शेवटी तात्या खाकरले. त्यांनी पल्लवीकडं बघितलं, मग त्या कागदाकडं, मग माझ्याकडं. माझ्याकडं बघताना त्यांच्या चेहऱ्यावर रागाच्या जागी मला दया दिसली. राग परवडला असता.

"एक सांगा," ते भावकीकडं वळले. "ह्या यादीत आपली पोरगी हाय का?"

"न्हाय," आत्या म्हणाली.

"मंग ही आपली याद हाय का?"

"न्हाय की!"

"मंग जी याद आपली न्हवंच, तिच्याव कुणी काट मारली काय आन नांगर फिरवला काय, आपलं काय जातंय?"

आत्यानं कपाळावर हात मारला. "म्हंजी आता लिवायची ती पयलीच!"

"पयलीच," तात्या म्हणाले. "बसा. आन पुरनाचा वास मगाधरनं यतोय, त्ये काय ते लवकर बघा."

सुमन आत पळाली. विक्रमनं सुटकेचा श्वास सोडला. दिलीप खालून कोरा कागद घेऊन आला. मी सवयीनं हात पुढं केला. तीस माणसं एका सुरात म्हणाली, "न्हाय!"

"पोरी, तूच लिव," तात्या पल्लवीला म्हणाले. "तुजं नाव तू काय इसरायची न्हाईस."

पल्लवीनं लिहिलं. आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग विक्रमचं. ते उलट आहे, असं आत्या म्हणाली. तात्यांनी तिला गप्प केलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. नव्या यादीत चार चुका होत्या. कुठल्या, ते मी सांगणार नाही. मरेपर्यंत सांगणार नाही.

हळद-कुंकू लागलं. विक्रमनं वाचलं. तात्यांनी झोकात सही केली, शेवटच्या अक्षराला घोड्याच्या शेपटीसारखा फराटा मारून. मग मी त्यांच्या पेनाकडं हात नेला. तात्यांनी पेनावर पंजा ठेवला.

"ह्येंच्या हातात पेन दिऊ नगा."

"अहो, पण सही? वधूपित्याची सही लागते!"

तात्यांनी ओल्या कुंकवाची वाटी माझ्यापुढं सरकवली. "अंगठा."

"तात्या, माझा छापखाना आहे!"

"आप्पा," पल्लवी म्हणाली, "बुडवा."

सगळ्यांसमोर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, मी अंगठा कुंकवात बुडवला आणि माझ्या मुलीच्या नावाखाली दाबला. विक्रम हसू दाबत होता. रूपाली दाबत नव्हती.

तात्यांनी कागद उचलला, उजेडाकडं धरला, एक डोळा मिटून माझा अंगठा बराच वेळ तपासला. मग मान हलवली.

"जरा तिरका उठलाय," ते भावकीला म्हणाले. "पर ऱ्हाऊ द्या. शिकत्याल हळूहळू."